न दिसणारी भिंत

आई-बाबा पहिल्यांदा इंग्लंडला आले तेव्हा त्यांना बकिंगहमजवळच्या स्टोला घेऊन गेले होते. जुन्या सरदारी घराची प्रचंड बाग, पुढे हिरवळ, त्यापलीकडे चरणाऱ्या मेंढ्या. आई म्हणाली, "अगं, यांचं कुंपण कुठंय? मेंढ्या आत येऊन सगळं फस्त करतील की!" म्हटलं, पुढे जाऊन बघ. थोडं चालल्यावर पायाखालची जमीन एकदम संपली. खाली उभी भिंत आणि तिच्या पायथ्याशी गवताळ चर.

याला म्हणतात 'हा-हा'. मस्करी नाही, हेच नाव आहे. 18व्या शतकातला लेखक होरेस वॉलपोल सांगतो की, चालता चालता वाट अशी अचानक अडली की लोक आश्चर्याने जो उद्गार काढत, त्यावरून ते पडलं.

युक्ती साधी आहे. घराच्या बाजूने जमीन सपाट येते आणि सरळ भिंतीच्या माथ्याशी थांबते. बाहेरच्या बाजूने मात्र चराचा हळूहळू उतार. जनावर उतरून चरात येऊ शकतं, पण समोर भिंत असते, वर चढता येत नाही. म्हणजे हा किल्ल्याचा खंदकच, फक्त शत्रूऐवजी गाईमेंढ्यांसाठी. ही कल्पना आधी फ्रान्समध्ये होती. स्टोला ती 1710-20च्या सुमारास चार्ल्स ब्रिजमनने मोठ्या प्रमाणावर वापरली. मालक लॉर्ड कोबम स्वतः सेनापती होता, त्यामुळे बागेच्या कोपऱ्यांना बुरुजांसारखे आकार आहेत याचं नवल वाटत नाही.

मला यातली गंमत वेगळीच वाटते. भिंत लपवली आहे ती फक्त आतल्या माणसापासून. दिवाणखान्यातून बघणाऱ्याला वाटतं, क्षितिजापर्यंत सगळं आपलंच. चरात उभ्या असलेल्या गुराख्याला मात्र ती डोक्याएवढी, स्वच्छ दिसते.

आणि ही मोकळी जागा रिकामी मिळालेली नव्हती. इथे स्टो नावाचं गाव होतं. ते गेलं, घरं गेली. चर्च तेवढं राहिलं, ते आजही बागेच्या मधोमध झाडांच्या आड उभं आहे. लपवलेलं, भिंतीसारखंच. त्याच बागेत कोबमने पूर्वजांच्या स्वातंत्र्याला वाहिलेलं एक गॉथिक मंदिरही बांधून घेतलं. यावर मी काय बोलू!

आता दरवाजा. बकिंगहमकडून लांबलचक सरळ रस्त्याने येताना टेकडीवर एक भव्य कमान दिसते, कोरिंथियन आर्च. 1760च्या दशकातली, साधारण 60 फूट उंच. कमानीतून दूरवर घर अगदी फ्रेममध्ये बसवल्यासारखं दिसतं. बाबांनी लगेच फोन काढला. पण रस्ता कमानीतून जातच नाही! तिच्यापाशी येऊन तो वळतो. घराचं दर्शन द्यायचं आणि पाहुण्याला लांबचा फेरा घालायला लावायचा, असा बेत. नुसत्या बाग बघायला येणाऱ्यांसाठी वेगळी वाट होती: कोबमने 1717मध्ये बांधलेल्या न्यू इनमध्ये उतरायचं, मग बेल गेटवर जाऊन घंटा वाजवायची. 1744मध्ये तर या बागेचं छापील गाईडबुकही निघालं. थोडक्यात, दरवाजा कोणता हे तुम्ही कोण आहात यावर ठरायचं.

एवढं उभारणाऱ्या घराण्याचा वारस, दुसरा ड्यूक ऑफ बकिंगहम, कर्जात बुडाला. 1848मध्ये घरातल्या वस्तूंचा लिलाव 40 दिवस चालला. 1923पासून त्या घरात शाळा भरते, बाग नॅशनल ट्रस्टकडे आहे, आणि आपण तिकीट काढतो ते पुन्हा न्यू इनमध्येच.

परतताना बाबा फोनमधला फोटो मोठा करून बघत होते. "अगं, या कमानीला बाजूने खिडक्या कशा?" कारण तिच्या दोन्ही जाड पायांमध्ये घरं आहेत, चार-चार मजल्यांची. समोरून बघणाऱ्याला ती दिसत नाहीत.