समुद्रशेवाळाचा अर्क : पिकांस व बियाण्यांस उपयोग किती?

आपल्या समाजातील पुष्कळ घराणी पिढ्यान्‌पिढ्या धान्य, बी-बियाणे व खते यांच्या व्यापारात आहेत. शेतकऱ्याचा हंगाम साधला तर आपली उधारी वसूल होते आणि त्याचा हंगाम फसला तर आपल्या खातेवहीची पानेही कोरी राहतात. अशा या जोडलेल्या संसारात अलीकडे एका नव्या वस्तूने प्रवेश केला आहे. खताच्या दुकानाच्या फळीवर काळसर द्रवाच्या बाटल्या दिसू लागल्या असून त्यांवर 'समुद्रशेवाळाचा अर्क' असे लिहिलेले असते. शेतकरी बाटली हातात घेऊन विचारतो, "शेठ, हे मारल्याने नक्की काय होते हो?" या प्रश्नाला आपल्यापैकी बहुतेक जण बाटलीवरचा मजकूर वाचून दाखवितात. ते उत्तर पुरेसे नाही, असे आम्हांस वाटते. म्हणून या विषयाची थोडी शास्त्रीय व थोडी व्यावहारिक माहिती येथे देण्याचे योजिले आहे.

वस्तूची ओळख

समुद्रशेवाळ म्हणजे समुद्रातील खडकांवर वाढणारी, मुळे, खोड व पाने असा खरा भेद नसलेली वनस्पती होय. रंगावरून तिचे हिरवे, तपकिरी व तांबडे असे तीन मुख्य वर्ग मानतात. मालवणच्या किंवा गोव्यातील हणजुणेच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी ज्यांनी फेरी मारली असेल, त्यांनी सरगॅसम नावाचे तपकिरी शेवाळ पाहिलेच असेल. आपल्या भगिनींना तर ही वस्तू निराळ्या नावाने परिचित आहे. प्राणिजन्य जिलेटीन टाळण्यासाठी अनेक घरांत जो चायना ग्रास वापरतात, तो तांबड्या समुद्रशेवाळापासूनच निघतो.

शेतीस शेवाळ घालणे हीही नवी गोष्ट नव्हे. आयर्लंड, स्कॉटलंड व फ्रान्समधील ब्रिटनी या प्रांतांच्या किनाऱ्यांवर शेतकरी शतकानुशतके वाहून आलेले शेवाळ गाड्या भरून शेतात नेत असत. परंतु ओले शेवाळ जड असते आणि किनाऱ्यापासून दूर नेणे परवडत नाही. ही अडचण दूर झाली ती शेवाळाचा द्रव बनविण्याची रीत निघाल्यावर. इंग्लंडमध्ये मिल्टन या रसायनशास्त्रज्ञास १९५२ साली अशा रीतीचे पेटंट मिळाले आणि तेव्हापासून शेवाळ बाटलीत भरून समुद्रापासून कितीही दूर नेता येऊ लागले.

अर्क कसा काढतात

आज बाजारात येणारे अर्क मुख्यत्वे दोन प्रकारचे असतात. उत्तर अटलांटिकच्या थंड किनाऱ्यावरील अ‍ॅस्कोफायलम नोडोसम हे तपकिरी शेवाळ अल्कलीच्या पाण्यात शिजवून पहिला प्रकार बनवितात. दुसऱ्या प्रकाराचा संबंध आपल्या देशाशी आहे. भावनगर येथे १९५४ साली स्थापन झालेल्या केंद्रीय लवण व सागरी रसायन संशोधन संस्थेने कप्पाफायकस अल्वारेझी या तांबड्या शेवाळावर पुष्कळ काम केले. हे शेवाळ तामिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात बांबूच्या तराफ्यांना बांधून वाढवितात. सुमारे ४५ दिवसांत ते काढणीस येते आणि या कामावर तेथील अनेक कोळी स्त्रियांचा संसार चालतो. पूर्वी ते वाळवून त्यातून कॅराजीनन हा घट्टपणा आणणारा पदार्थ तेवढा काढीत आणि रस वाया जाई. ताजे शेवाळ चिरडून आधी रस गाळून घ्यावा व उरलेल्या चोथ्यातून कॅराजीनन काढावे, अशी युक्ती या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी शोधून काढली आणि २००५ साली तिला अमेरिकेचे पेटंटही मिळाले. एकाच मालातून दोन वस्तू काढणारी ही युक्ती कोणाही व्यापाऱ्यास पटावी अशीच आहे.

पिकावर काय परिणाम होतो

येथे पहिला गैरसमज दूर केला पाहिजे. हा अर्क म्हणजे खत नव्हे. त्यात नत्र व स्फुरद अत्यल्प असतात. पालाश काही अर्कांत बरा असतो, तरी एका फवारणीत पिकास मिळणारा अंश पोत्यातील खताच्या मानाने किरकोळच होय. मग पीक तरारते कशाने? शेवाळात वनस्पतींच्या वाढीस चालना देणारे सायटोकायनिन व ऑक्झिन यांसारखे पदार्थ, बीटेन, तसेच अल्जिनेट व लॅमिनरिन यांसारख्या शर्करा असतात. पूर्वी सारे श्रेय त्यातील वाढद्रव्यांना दिले जाई. परंतु २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, दिसणाऱ्या परिणामाच्या मानाने अर्कातील ही द्रव्ये फारच थोडी आहेत. अर्काच्या स्पर्शाने झाड स्वतःच आपली वाढद्रव्ये कमीअधिक प्रमाणात निर्माण करू लागते. म्हणजे हा अर्क जेवण नव्हे, भूक लावणारे पाचक होय. ताटात अन्न नसेल तर पाचक काय करणार?

परिणाम होतो यास पुरावा आहे. भावनगरच्या शास्त्रज्ञांनी पावसावरील सोयाबीनवर कप्पाफायकसच्या रसाची फवारणी करून पाहिली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात १५ टक्के रस फवारलेल्या सोयाबीनचे उत्पन्न नुसते पाणी फवारलेल्या पिकापेक्षा ५७ टक्के अधिक आले. आकडा मोठा आहे, म्हणूनच तो जपून वापरला पाहिजे. तो एका ठिकाणच्या प्रयोगाचा आहे आणि ते द्रावण १५ टक्क्यांचे, म्हणजे १०० लिटरांत १५ लिटर रस असे होते. बाजारातील बाटलीतून लिटरभर पाण्यास दोन-तीन मिलिलिटर घालणाऱ्यास तोच आकडा सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

बियाण्याचे रक्षण

बियाण्याच्या बाबतीत अर्काचा उपयोग दोन प्रकारचा आहे. पातळ द्रावणात काही तास भिजवून सावलीत सुकविलेले बी पुष्कळदा लवकर व एकसारखे उगवते आणि रोपाची मुळी जोमाने धावते. जे रोप लवकर वर येते, ते जमिनीतील बुरशीच्या तडाख्यातून सुटण्याचा संभवही अधिक असतो. दुसरे असे की, लॅमिनरिनसारख्या शर्करेचा स्पर्श होताच रोग आल्याचा भास होऊन झाड आपली प्रतिकारशक्ती जागी करते. युरोपात लॅमिनरिनला पीकसंरक्षक द्रव्य म्हणून मान्यता आहे ती याच गुणामुळे.

मात्र हा अर्क बुरशीस मारीत नाही. रोगट बी त्याने निरोगी होत नाही आणि कोठारातील भुंग्यासही तो आवरीत नाही. द्रावण तीव्र झाले तर उगवण उलट मंदावते. सोयाबीन व भुईमूग यांची साल नाजूक असल्याने ते पाण्यात भिजत न घालता अर्क हलक्या हाताने चोळून लगेच सावलीत सुकवावे.

आमची सूचना अशी की, प्रत्येक दुकानदाराने नवा माल विकण्यापूर्वी घरीच एक परीक्षा करावी. एकाच पोत्यातील शंभर-शंभर दाण्यांचे दोन वाटे घ्यावेत. एक साध्या पाण्यात व दुसरा अर्काच्या द्रावणात सारखाच वेळ ठेवून ओल्या गोणपाटात निरनिराळे गुंडाळावेत आणि सात दिवसांनी कोंब मोजावेत. साध्या पाण्याचा वाटा विसरू नये, कारण नुसत्या भिजविण्यानेही उगवण सुधारते. ही मोजणी घरातील मुलांनाही करता येईल आणि त्यांना व्यापार व शास्त्र दोन्हींचा धडा मिळेल.

कायदा काय सांगतो

वर्षानुवर्षे अशा वस्तूंवर नियंत्रण नव्हते. २३ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात 'जैव उत्तेजके' हा वर्ग घातला आणि समुद्रशेवाळाचा अर्क त्यात आला. पूर्वीच्या मालास दिलेली तात्पुरती मुभा १६ जून २०२५ रोजी संपली. या व्याख्येतून कीटकनाशके मुद्दाम वगळली आहेत. म्हणून 'याने कीड मरते' असे सांगून हा माल विकणे नियमास धरून नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्र्यांनी राज्यांना पत्र लिहून, अनुदानित खताबरोबर अशा बाटल्या शेतकऱ्याच्या गळ्यात मारण्याची प्रथा थांबविण्यास सांगितले. ही प्रथा कोणास ठाऊक नाही? पुरवठादार आपल्या गळ्यात मारतो, आपण शेतकऱ्याच्या, आणि युरियाच्या एका पोत्यासाठी तो मुकाट्याने पैसे मोजतो. त्या दिवशी बाटली खपते, पण पेढीची पत थोडी झिजते.

आपल्या आचाराची बाजू

आपल्या बांधवांच्या मनात येणारी एक शंका टाळणे योग्य होणार नाही. शास्त्रांत शेवाळाची गणना अनंतकायात केली जाते. मग हा व्यापार करावा काय? ज्यांस तो नकोसा वाटेल, त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. परंतु श्रावकास वर्ज्य मानलेल्या पंधरा व्यवसायांत विषवाणिज्यही आहे, आणि आपल्यापैकी कित्येकांच्या दुकानात विषारी औषधांची फळी आजही भरलेली आहे, हेही विसरून चालणार नाही. गृहस्थास उद्योगी हिंसा पूर्णपणे टळत नाही. ती उणी करीत जाणे एवढेच त्याच्या हाती असते. शिवाय जैव उत्तेजके सर्वच वनस्पतिजन्य नसतात. कोंबडीची पिसे, जनावरांची कातडी व माशांचे खवले यांपासून काढलेल्या प्रथिनांची उत्तेजकेही निघाली होती. जैन समाजासह अनेकांनी हरकत घेतल्यावर २०२५ सालीच सरकारने अशा ११ उत्पादनांची मान्यता मागे घेतली. म्हणून माल घेताना त्याचे मूळ विचारून घ्यावे. शेवाळही निसर्गास न दुखविता वाढविलेले असावे. मन्नारच्या आखातातील कुरुसडाई बेटाजवळ हेच कप्पाफायकस प्रवाळांवर पसरल्याचे २००८ साली शास्त्रज्ञांनी नोंदविले आहे.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत 'प्रतिरूपकव्यवहार' म्हणजे खऱ्यासारखा दिसणारा खोटा माल देणे, आणि 'विरुद्धराज्यातिक्रम' म्हणजे राज्याचा नियम मोडून व्यापार करणे, हे दोन्ही आहेत. रंगविलेल्या पाण्याची बाटली विकणारास पहिला लागू पडतो, नोंदणी नसलेला माल ठेवणारास दुसरा. शेतकऱ्याने पुन्हा विचारले तर त्यास सरळ सांगावे, "बाबा, हे खत नाही, औषधही नाही. खत वेळेवर घाल, बी निरोगी घे, आणि मग याची मदत होते की नाही ते आधी चार सऱ्यांवर पाहा." असे सांगितल्याने कदाचित त्या दिवशी एक बाटली कमी खपेल. पण पुढच्या हंगामात तो शेतकरी आपल्याच पायरीवर येऊन बसेल, आणि आपल्या वाडवडिलांनी मिळविलेली पत याहून निराळ्या मार्गाने मिळविलेली नव्हती.