मधुमेह व रक्ताचा दाटपणा

मधुमेह म्हणजे रक्तांत साखर वाढणें, एवढें बहुतेकांस ठाऊक असतें. परंतु ती साखर डोळे, मूत्रपिंडें व पाय यांस बाधते कशी, हें फार थोड्यांस माहीत असतें. त्याचें एक कारण रक्ताच्या वाहण्यांतच आहे.

रक्तांतील तांबडी पेशी मध्यें दबलेल्या चकतीसारखी असते. तिचा व्यास मिलिमीटरचे सुमारें ७ ते ८ सहस्रांश असतो. कित्येक केशवाहिन्या त्याहूनहि अरुंद असतात. मग पेशी त्यांतून जाते कशी? सृष्टिकर्त्यानें तिला विलक्षण लवचिकपणा दिला आहे. ती अंग चोरून, लांबट होऊन पलीकडे जाते व पुन्हां पूर्ववत् होते.

मधुमेह आटोक्यांत नसला म्हणजे शर्करा पेशीच्या आवरणांतील प्रथिनांस व आंतील हीमोग्लोबिनास चिकटते, आणि पेशी ताठर होऊं लागते. रक्तद्रवांत फायब्रिनोजेन नांवाचें प्रथिन वाढतें; त्यामुळें पेशी नाण्यांच्या चळतीप्रमाणें एकमेकींस लागून राहतात. साखर फारच वाढल्यास लघवीवाटे पाणीहि पुष्कळ जातें. ह्या सर्वांमुळें रक्त दाट होतें. पाणी व काकवी एकाच बारीक नळींतून ओतून पाहिल्यास फरक ध्यानांत येईल. वाहिन्यांच्या भिंतींस शर्करेनें इजा होत असतेच. त्यांत ही भर पडते. म्हणून जेथें वाहिन्या अतिसूक्ष्म, त्या दृष्टिपटलास व मूत्रपिंडांस आधीं धक्का पोहोंचतो.

मधुमेही मनुष्याच्या हीमोग्लोबिनांतील हा फरक इराणांतील सॅम्युएल राहबर यांनीं १९६८ सालीं प्रसिद्ध केला. तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते, व चिकटलेली शर्करा सहसा सुटत नाहीं. म्हणून हीमोग्लोबिनाच्या तपासणींत मागील दोनतीन महिन्यांचा हिशेब उमटतो. आदल्या दिवशीं उपास करून ती फसवितां येत नाहीं!

परंतु ह्याच गोष्टींत आशाहि आहे. जुन्या पेशी रोज नाहींशा होतात व नव्या जन्मास येतात. आहार, व्यायाम व औषध यांचा नियम पाळल्यास नव्या पेशींस शर्करेचा उपद्रव कमी होतो.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्या घरीं कोणास हा विकार असेल, तर "कांहीं दुखत नाहीं" एवढ्यावर त्यांस स्वस्थ बसूं देऊं नका. पायांची जाणीव मंदावली म्हणजे जखमहि दुखत नाहीं. त्यांचे तळपाय रोज पाहा, आणि डोळ्यांची व रक्ताची तपासणी वेळेवर करण्याची त्यांस प्रेमानें आठवण द्या. वडिलांची ही सेवा लहान मुलांच्याहि हातची आहे.