कंद म्हणजे मूळ नव्हे

परसबागेत हौसेने लावलेली डालिया उगवून येत नाही, तेव्हा दोष बहुधा मातीला किंवा पाण्याला दिला जातो. कारण पुष्कळदा निराळेच असते. जमिनीखालून निघालेल्या प्रत्येक फुगीर भागाला आपण सरसकट ‘कंद’ म्हणतो. वनस्पतिशास्त्र मात्र प्रथम असे विचारते, की हे खोड आहे की मूळ?

याचे उत्तर नुसत्या निरीक्षणाने मिळते. खोडाला पेरे असतात. पेरांवर खवल्यांसारखी पाने आणि त्यांच्या बगलेत कळी, म्हणजेच माळ्याच्या भाषेतील ‘डोळा’ असतो. मुळाला पेरे नसतात. आल्याचा तुकडा हाती घेऊन पाहावा. त्यावरील आडवी वलये हीच पेरे होत. जमिनीत आडव्या वाढणाऱ्या अशा खोडास ‘मूलक्षोड’ म्हणतात (‘क्षोड’ म्हणजे खोडच). हळद व कर्दळ याच वर्गातील. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आले लावताना प्रत्येक तुकड्यावर निदान दोन डोळे राखावेत, असे सांगतात ते यामुळेच. बटाटा हे भूमिगत फांदीचे फुगलेले टोक, म्हणून ते ‘ग्रंथिक्षोड’. सुरण व ग्लॅडिओलस यांचे भरीव उभे खोड तो ‘दृढकंद’. कांद्याची रचना अगदी वेगळी आहे. त्याचे खोड म्हणजे बुडाशी असलेली, मुळ्या फुटणारी लहानशी चकती. आपण खातो ती जाड, रसाळ पाने होत. काटेकोर अर्थाने ‘कंद’ ही संज्ञा याच रचनेला शोभते.

बटाटा खोड असल्याचा एक पुरावा स्वयंपाकघरात मिळतो आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. उजेडात उघडा पडलेला बटाटा हिरवा होतो. हा रंग हरितद्रव्याचा असून तो स्वतः निरुपद्रवी असतो. परंतु त्याच उजेडाने सोलॅनिनासारखी विषारी द्रव्येही वाढतात. नेहमीच्या शिजवण्याने ती नाहीशी होत नाहीत आणि अधिक प्रमाणात पोटात गेल्यास ओकाऱ्या, जुलाब होतात. म्हणून पिकाला मातीची भर द्यावयाची आणि साठवण अंधारात करावयाची. शाळेच्या स्वयंपाकगृहात येणाऱ्या पोत्यांतील बटाटेही या दृष्टीने पाहून घ्यावेत; बरेच हिरवे वा कडवट बटाटे सरळ टाकून द्यावेत.

रताळे मात्र मूळ आहे. त्यालाही कोंब फुटतात, पण ते पेरांवरील नव्हेत, तर आगंतुक कळ्यांचे; शेतकरी लागवडीस वेलाचे तुकडेच वापरतात. डालियाची फुगीर मुळे याहून कमनशिबी. त्यांच्या अंगावर डोळा नसतोच. तो गळ्याशी, जुन्या खोडाच्या बुंध्यावर असतो. गड्डा फोडताना हा भाग तुटला, तर उरलेले मूळ कितीही टपोरे असो, ते कुजण्यापलीकडे काही करीत नाही. गाजराचा शेंडा लावल्यास पाला येतो, क्वचित फुलेही. दुसरे गाजर येत नाही.

केळीचा दारी बांधावयाचा खांब हे तर खोडच नव्हे. पानांची आवरणे एकावर एक गुंडाळली जाऊन तो बनतो. खरे खोड म्हणजे जमिनीतील गड्डा. म्हणूनच घड उतरल्यावर खांब तोडला, तरी शेजारून मुनवे येतच राहतात.