बोलोगोयेला गाडी थांबते

मॉस्कोहून सेंट पीटर्सबर्गला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीत मी मुद्दाम जागा राहिलो होतो, बोलोगोयेसाठी. दोन्ही शहरांच्या साधारण मधोमध हे स्टेशन. गाडी थांबली तसा मफलर गुंडाळून फलाटावर उतरलो, तर आमच्या डब्याच्या बाई रशियनमध्ये माझ्यावर डाफरल्या. त्यांना कसं सांगणार, की टॉलस्टॉयच्या कादंबरीतली अ‍ॅना कारेनिना इथंच हिमवादळात मोकळ्या हवेसाठी उतरली आणि समोर व्रॉन्स्की उभा होता! तो म्हणे सोडावॉटर प्यायला उतरला होता. टॉलस्टॉयनं हा तपशील पुढच्या प्रकरणात सहज टाकलाय. एवढ्या मोठ्या वणव्याची ठिणगी, आणि निमित्त सोडावॉटरचं.

कथानक चार ओळींत उरकतो. बड्या सरकारी अधिकाऱ्याची बायको अ‍ॅना व्रॉन्स्की या लष्करी अधिकाऱ्याच्या प्रेमात पडते, नवरा आणि मुलगा सोडून जाते. समाज तिला वाळीत टाकतो, व्रॉन्स्कीला मात्र दारं उघडीच. दुसऱ्या बाजूला लेव्हिन आणि किटीचा संसार. १८७५ ते १८७७ या काळात ही कादंबरी ‘रूस्की वेस्तनिक’ मासिकातून क्रमशः छापली गेली. झालं. प्रेम, लग्न, समाज यांवर विद्वानांनी पुष्कळ लिहिलंय. मला वेड आहे ते यातल्या आगगाड्यांचं.

मॉस्को–पीटर्सबर्ग लोहमार्ग १८५१मध्ये सुरू झाला. कादंबरी लिहायला घेतली तेव्हा तो जेमतेम बावीस वर्षांचा. आणि पाहा, गाडी कुठून सुरू होते! अ‍ॅना अजून आलेलीही नाही, तोवर तिच्या भावाची मुलं घरात खोक्याची आगगाडी करून खेळताहेत आणि टपावरचे उतारू पडले म्हणून मुलगी भावाला झापतेय. मग खरी गाडी येते, आणि तिच्याखाली एक पहारेकरी चिरडला जातो. व्रॉन्स्की त्याच्या विधवेसाठी दोनशे रूबल देतो. पुढे किटीशी व्रॉन्स्कीचं कौतुक करताना अ‍ॅना बाकी सगळं सांगते, हे दोनशे रूबल मात्र गाळते. का गाळते, हे तिचं तिलाही धड कळत नाही. माझ्या मते प्रेमाची कबुली तिथंच झाली. पुढचा सगळा कागदोपत्री व्यवहार.

लेव्हिनला मात्र किटी पुन्हा दिसते ती पहाटे, घोड्यांच्या गाडीत. रूळ म्हणजे नाश आणि घोडे म्हणजे सुख, असा सिद्धांत मी मित्रांपुढे बरीच वर्षं मांडत होतो. एका वाचक मैत्रिणीनं पान काढून दाखवलं: किटी त्या पहाटे रेल्वे स्टेशनवरूनच येत होती. सिद्धांत तिथंच रुळावरून घसरला.

या सगळ्याचं बीज खरंच रुळांवर सापडलं होतं. जानेवारी १८७२मध्ये टॉलस्टॉयच्या यास्नाया पोल्यानाजवळच्या यासेन्की स्टेशनात अ‍ॅना पिरोगोवा या बाईनं मालगाडीखाली जीव दिला. शेजारचे जमीनदार बिबिकोव्ह यांच्याकडे ती राहायची. ते दुसरीशी लग्न ठरवताहेत, हे तिला सहन झालं नाही. टॉलस्टॉय मुद्दाम जाऊन तिचं प्रेत पाहून आले. वर्षभरानं कादंबरी सुरू झाली. त्यातली अ‍ॅनाही ओबिरालोव्का स्टेशनात मालगाडीखालीच जाते. पहिला डबा निसटतो, कारण हातातली लाल पिशवी काढता काढता उशीर होतो. ही पिशवी सुचायला तसं काही पाहिलेलं असावं लागतं.

शेवटच्या भागात व्रॉन्स्की सर्बियाच्या लढाईला निघालाय, तोही गाडीनंच. दाढ ठणकतेय, आणि इंजिनामागच्या टेंडरची चाकं दिसताच त्याला अ‍ॅना आठवते. सर्बियाला जाणाऱ्या स्वयंसेवकांची टॉलस्टॉयनं केलेली टिंगल संपादक कात्कोव्हला रुचली नाही. त्यानं हा भाग छापायचं नाकारलं. टॉलस्टॉयनं तो स्वतःच वेगळा काढला.

आणि १९१०. ब्याऐंशीव्या वर्षी टॉलस्टॉय रात्रीतून घर सोडून गाडीत बसले, वाटेत न्यूमोनियानं गाठलं, आस्तापोवोला स्टेशनमास्तरच्या घरात अंथरूण धरलं. याच कादंबरीची पानं हातानं उतरवून काढणारी बायको सोफिया खास गाडी करून तिथं पोचली. पण शेवटच्या काही तासांपर्यंत तिला त्यांच्याजवळ जाऊ दिलं नाही. ते दिवस तिनं आस्तापोवोच्या रुळांवर उभ्या असलेल्या रेल्वेच्या डब्यात काढले.