बायपासनंतर वजन पुन्हा वाढलं तर?

जठराच्या बायपासनंतर जादा वजनापैकी निम्मंही उतरलं नाही, किंवा उतरलेलं पुन्हा चढलं, तरी लगेच दुसऱ्या शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नये. आधी एंडोस्कोपी आणि बेरियम एक्स-रे करून पाहावं: जठराची पिशवी ताणली आहे का, आतड्याशी केलेला जोड रुंदावला आहे का, की पिशवी आणि उरलेल्या जठरात नवी वाट पडली आहे? आहारही तपासावा. शिराळ्याच्या ऊसपट्ट्यात रस, काकवी, गोड चहा सहज पोटात जातात. पातळ पदार्थ पिशवीत थांबत नाहीत, त्यामुळे पोट भरल्याचं कळत नाही.

जोड रुंद असेल तर तोंडावाटे दुर्बीण घालून टाक्यांनी आवळता येतो. पिशवीभोवती पट्टा बसवता येतो. आतड्याचा आणखी भाग अन्नमार्गातून वगळला तर वजन जास्त उतरतं, पण प्रथिनांची कमतरता आणि जुलाब माणसाला खंगवतात. तपासणीसाठी कराड, मिरज, कोल्हापूर वारंवार गाठणं ज्यांना जमत नाही, त्यांनी हा मार्ग धरू नये. फेरशस्त्रक्रियेत गळतीचा धोका पहिल्या वेळेपेक्षा अधिक असतो. शस्त्रक्रिया टाळायची असेल तर वजन उतरवणारं टिर्झेपेटाइडचं इंजेक्शन मार्च २०२५पासून भारतात मिळतं. डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारावं. बी-१२, लोह, कॅल्शियम मात्र जन्मभर घ्यावं लागतं.