शोधपत्रकारितेची शिष्यवृत्ती : विद्यार्थ्याला वेळ आणि स्वातंत्र्य

शिष्यवृत्ती हा शब्द उच्चारला की गुणपत्रिका, शुल्क आणि वह्या-पुस्तके एवढेच आपल्या नजरेसमोर येते. परंतु शिष्यवृत्तीचा आणखी एक प्रकार आहे व तो आपल्याकडे फारसा रुजलेला नाही. विद्यार्थ्याने एखादा सार्वजनिक प्रश्न हाती घ्यावा, त्याची कागदपत्रे मिळवावीत, संबंधितांना भेटावे, हाती आलेले पडताळून प्रसिद्ध करावे आणि या कामाचा खर्च समाजाने उचलावा, अशी ही कल्पना आहे.

अशा साहाय्याची रक्कम मोठीच असावी लागते असे नाही. १९६९ साली अमेरिकेत शोधपत्रकारितेसाठी एक निधी स्थापन झाला. सेमूर हर्श या तरुण पत्रकाराला त्यातून प्रथम अवघे २५० डॉलर मिळाले. त्यांतून सुरू झालेल्या शोधाने व्हिएतनाममधील माय लाई येथील हत्याकांड जगासमोर आले. आपल्या देशातील उदाहरण पी. साईनाथ यांचे. १९९३ मध्ये एका वृत्तपत्राची पाठ्यवृत्ती घेऊन ते देशातील दहा अतिगरीब जिल्ह्यांत हिंडले. त्यांतून ८४ वृत्तलेख सिद्ध झाले आणि १९९६ साली ग्रंथही आला. तो मराठीत ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ या नावाने उपलब्ध आहे. रोजच्या बातमीच्या घाईतून पत्रकाराला काही काळ मोकळे करणे, हेच या दोन्ही साहाय्यांचे खरे कार्य होते.

वेळेचे हे मोल एका साध्या हिशेबावरून ध्यानात येईल. गोव्याने १९९७ साली, म्हणजे देशाचा कायदा होण्यापूर्वी आठ वर्षे, माहिती अधिकाराचा कायदा केला. २००५ च्या केंद्रीय कायद्यानुसार अर्जाचे उत्तर ३० दिवसांत मिळावयास हवे. ते न मिळाल्यास पहिले अपील करता येते आणि त्याचा निर्णय होण्यास ४५ दिवसांपर्यंत लागू शकतात. अर्थात, अपील त्याच दिवशी दाखल केले तरी एका कागदासाठी अडीच महिने जाऊ शकतात. तोवर विद्यार्थ्याचे अर्धे सत्र सरते. झेरॉक्स, बसभाडे आणि तालुक्याच्या कचेरीतील फेऱ्या यांचा खर्च वेगळाच.

डिचोली तालुक्यात अशा शोधासाठी विषयांची वाण नाही. २०१२ साली शहा आयोगाचा अहवाल संसदेत मांडला गेला आणि त्याच वर्षी गोव्यातील लोहखनिजाचे उत्खनन थांबले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अटींसह वाट मोकळी केली. २०१८ साली त्याच न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले. दरम्यान, २०१५ च्या कायदादुरुस्तीने खाणबाधित भागांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानांची तरतूद झाली. या प्रतिष्ठानाचा किती पैसा आपल्या गावावर खर्ची पडला? कोणत्या कामावर? ते काम प्रत्यक्षात उभे आहे काय? हे तीन प्रश्न महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या आवाक्यातील आहेत. त्यांची उत्तरे विहिरींच्या पाण्याशी आणि शेतांशी निगडित आहेत.

मात्र अवघड भाग येथूनच पुढे सुरू होतो. या तालुक्यात कोणाच्या घरचा ट्रक खाणीवर चालला, कोणाची बार्ज मांडवीतून खनिज वाहून नेत होती, तर कोणाचे शेत गाळाखाली गेले. देणगीदार आणि शोधाचा विषय एकाच अंगणात असू शकतात. म्हणून अशा वृत्तीचे नियम पैशाहून महत्त्वाचे ठरतात. विषय देणगीदाराने ठरवू नये आणि प्रसिद्धीपूर्वी मजकूर त्याच्याकडे जाऊ नये. ज्याच्यावर ठपका येतो त्याची बाजू विचारलीच पाहिजे. कसलाही गैरव्यवहार आढळला नाही, हा निष्कर्षही यशस्वी मानला जावा; अन्यथा विद्यार्थी शिष्यवृत्तीपोटी दोष शोधीत बसेल. आणि पाठीशी एक जाणता शिक्षक असावा.

शिक्षक व कायदा पाठीशी असल्यास काय घडते, हे अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील पिट्सबर्ग येथे २०१७ साली दिसले. तेथील हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी आपल्या नियोजित मुख्याध्यापिकेच्या पदव्या तपासल्या व आढळलेल्या विसंगती शाळेच्या पत्रात छापल्या. काही दिवसांतच त्या बाईंनी राजीनामा दिला. विद्यार्थ्यांच्या लेखनाला संरक्षण देणारा कायदा त्या राज्यात १९९२ पासून होता. आपल्याकडे तशी तरतूद नसल्याने ते संरक्षण संस्थेच्या नियमांतूनच उभारावे लागेल.

पुराव्याचे महत्त्व नार्वेकरांना वेगळे सांगावयास नको. श्रीसप्तकोटेश्वराच्या देवालयावर शके १५९० चा शिलालेख आहे. देवालयाचे काम कधी आरंभले आणि कोणाच्या आज्ञेने, हे त्यात नोंदलेले आहे. म्हणूनच १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी हा जीर्णोद्धार केला, असे आपण निःशंकपणे सांगतो. आजच्या सार्वजनिक कामांविषयीही इतक्याच निश्चयाने बोलता यावे, एवढीच शोधपत्रकारितेची मागणी आहे.

माजी विद्यार्थी आपल्या गुरुजनांच्या नावे पारितोषिके ठेवतात. ही प्रथा स्तुत्य आहे. त्यांपैकी एखादे परीक्षेतील गुणांऐवजी एका वर्षाच्या प्रामाणिक शोधासाठी राखून ठेवावे. गाव आपलेच असल्याने त्यातून निघणारे निष्कर्ष कधी आपल्यालाही बोचतील. देणगी देतेवेळीच ही तयारी मनाशी केली, तर त्या विद्यार्थ्याला खरे बळ लाभेल.