बीसीएल-२ : पेशीचं मरण अडवणारं जनुक

कॅन्सर म्हणजे पेशींची बेसुमार वाढ, असं आपण शाळेपासून ऐकत आलोय. ते खरं आहे, पण पुरतं नाही. शरीरात रोज नव्या पेशी तयार होतात, तशा जुन्या, बिघडलेल्या, नकोशा झालेल्या पेशी रोज मरतातही. त्यासाठी लागणारी यंत्रणा प्रत्येक पेशीच्या पोटातच असते. ती चालू झाली की पेशी आक्रसते, तिच्या डीएनएचे तुकडे पडतात, तिची बारीक पुडकी होतात आणि आजूबाजूच्या पेशी ती गिळून टाकतात. ना सूज, ना पू. जॉन केर, अँड्र्यू वायली आणि ॲलिस्टर करी यांनी १९७२ मध्ये या मरणाचं वर्णन करून त्याला ‘ॲपॉप्टॉसिस’ असं नाव दिलं.

ही यंत्रणा अडली तर कॅन्सर होतो का? स्टॅन्ली कोर्समायर या अमेरिकी डॉक्टर-संशोधकाची कारकीर्द याच प्रश्नावर उभी राहिली. पण ते तिथे पोहोचले आडवाटेने. फॉलिक्युलर लिम्फोमा या लसीका ग्रंथींच्या कॅन्सरमध्ये बहुतेक रुग्णांच्या बी-पेशींत १४ आणि १८ या क्रमांकांची गुणसूत्रं तुटून एकमेकांना चुकीची जोडली गेलेली दिसतात. १४ व्या गुणसूत्रावर प्रतिपिंडं बनवणारं जनुक असतं आणि बी-पेशीत ते कायम जोरात चालू असतं. तुटलेला १८ व्याचा तुकडा नेमका त्याच्या शेजारी येऊन बसतो, आणि त्या तुकड्यावरचं जनुकही मग अखंड चालू राहतं. हेच बीसीएल-२. फिलाडेल्फियात कार्लो क्रोचे यांच्या आणि बेथेस्डाला कोर्समायर यांच्या गटाने १९८० च्या दशकाच्या मध्यावर हा जोड शोधला. हे जनुक पेशींची संख्या भराभर वाढवत असणार, असं वाटणं तेव्हा साहजिकच होतं.

तो समज मोडला मेलबर्नमध्ये. बीसीएल-२ ची गोष्ट सांगताना कोर्समायर यांचंच नाव पुढे केलं जातं, ते मला पटत नाही. १९८८ मध्ये डेव्हिड वॉ, सुझन कोरी आणि जेरी ॲडम्स यांनी काही रक्तपेशींत हे जनुक घातलं आणि त्यांना जगायला लागणारा वाढघटक काढून घेतला. एरवी अशा पेशी मरतात. या तगल्या, पण वाढल्या मात्र नाहीत.

कोर्समायर तोवर सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात आले होते. त्यांच्या गटाने हे जनुक उंदरांत घातलं. उंदरांत बी-पेशी साचत गेल्या, पण त्या बहुतेक स्वस्थ बसलेल्या. काळ लोटल्यावर काही उंदरांना आक्रमक लिम्फोमा झाला, आणि त्यातल्या सुमारे निम्म्या गाठींत मिक नावाचं वाढीचं जनुकही बिघडलेलं निघालं. म्हणजे न मरणारी पेशी लगेच कॅन्सर होत नाही. तिला दुसरा बिघाड गाठेपर्यंत सवड मिळते. मला त्यांच्या सगळ्या कामात हा प्रयोग मोलाचा वाटतो.

मग या जनुकापासून बनणारं प्रथिन मरण अडवतं कुठे? १९९० मध्ये त्यांच्या गटाने ते मायटोकॉन्ड्रियावर असल्याचं दाखवलं. आतल्या पडद्यावर, असं त्यांनी लिहिलं. पुढे ते बाहेरच्या पडद्यावर निघालं. १९९३ मध्ये त्यांनी पेशींतून बीसीएल-२ ओढून काढलं, तेव्हा त्याला चिकटून दुसरं एक प्रथिन आलं: बॅक्स. त्याचं काम नेमकं उलटं. बॅक्स आणि त्याचा भाऊबंद बॅक मोकळे सुटले की मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पडद्याला भोकं पाडतात. त्यांतून सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर झिरपतं आणि कॅस्पेस नावाची, प्रथिनं कापत सुटणारी विकरं जागी होतात. सायटोक्रोम-सीचा हा धागा शाओडोंग वांग यांनी १९९६ मध्ये पकडला. बीसीएल-२ बॅक्स-बॅकना धरून ठेवतं, आणि मरणाचा निरोप घेऊन येणाऱ्या बिमसारख्या प्रथिनांनाही आपल्या अंगावरच्या एका खाचेत अडकवतं.

औषध करणाऱ्यांनी तीच खाच हेरली. खाचेत रेणू बसवला तर अडकलेली प्रथिनं सुटतील आणि पेशी मरेल. अशा पहिल्या दमदार रेणूचा अहवाल २००५ च्या जूनमध्ये आला. कोर्समायर त्याच वर्षी मार्चमध्ये वयाच्या ५४ व्या वर्षी फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले होते; त्यांनी कधी सिगारेट ओढली नव्हती. पुढचा रेणू, नॅव्हिटोक्लॅक्स, रुग्णांना देता आला, पण त्याने प्लेटलेट उतरू लागल्या, कारण प्लेटलेट ज्याच्या जोरावर तगतात त्या बीसीएल-एक्सएल या सख्ख्या प्रथिनावरही तो बसत होता. मग फक्त बीसीएल-२ धरणारा व्हेनेटोक्लॅक्स घडवला गेला. एका प्रकारच्या चिवट ल्युकेमियासाठी, सीएलएलसाठी, त्याला अमेरिकेत एप्रिल २०१६ मध्ये मान्यता मिळाली.

या गोळीची खरी अडचण तिच्या जोरातच आहे. मरणाच्या उंबरठ्यावर अडवून धरलेल्या असंख्य पेशी एकदम सुटल्या, तर त्यांच्यातलं पोटॅशियम आणि फॉस्फेट एका झटक्यात रक्तात उतरतं आणि युरिक ॲसिडही वाढतं. मूत्रपिंडं बंद पडू शकतात, हृदयाचे ठोके चुकू शकतात. म्हणून सीएलएलच्या रुग्णाला पहिला आठवडा रोज २० मिलिग्रॅमच देतात, मग आठवड्या-आठवड्याने ५०, १००, २०० आणि पाचव्या आठवड्यात ४००. या काळात पाणी भरपूर प्यायला लावतात, युरिक ॲसिड कमी करणारी गोळी आधीपासून सुरू असते, आणि डोस वाढवला की काही तासांत पुन्हा रक्त तपासायला घेतात.